रूळ तापले की नेमकं मोजायचं काय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात ओझरतं लिहिलं होतं की कडक उन्हात रुळाला आडवा बाक येऊ शकतो, म्हणून दुपारच्या वेळी काही ठिकाणी गाड्यांचा स्पीड कमी ठेवतात. तेवढ्या दोन ओळींवर ठाणे, कळवा, दिवा, ऐरोली, वाशी सगळीकडून इतके प्रश्न आले की यावेळचं सदर त्यालाच देऊन टाकतोय. माझी नोकरी पी-वे खात्यात म्हणजे रुळांच्या देखभालीतच गेली, त्यामुळे हा विषय निघाला की मी जरा जास्त बोलतो, सांभाळून घ्या.

ऐरोलीहून एक वाचक विचारतात: शाळेत शिकलो होतो की दोन रुळांमध्ये फट ठेवतात, कारण उन्हाने लोखंड वाढतं. पण ठाणे-वाशी लाईनला प्लॅटफॉर्मवरून कितीही लांबवर बघितलं तरी फट कुठे दिसत नाही, पूर्वीसारखी खडखड पण नाही. मग उन्हाळ्यात ते वाढलेलं लोखंड जातं कुठे?

दादा, ते कुठेच जात नाही, त्याला जाऊच देत नाहीत, आणि सगळी भानगड तिथेच सुरू होते.

शाळेतलं चूक नव्हतं. पूर्वी १३ मीटरचे रूळ फिशप्लेटने जोडायचे आणि प्रत्येक जोडाला थोडी फट सोडायचे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ती भर एप्रिलात, तेव्हापासून मुंबईचं ऊन आणि रूळ यांचा संबंध आहेच. पण त्या फटीवर प्रत्येक चाक आपटायचं, रुळाची टोकं झिजायची, खालची खडी बसायची आणि देखभालीचा निम्मा वेळ जोडांवरच जायचा. म्हणून आता रूळ वेल्डिंग करून सलग करतात, त्याला एलडब्ल्यूआर म्हणजे लाँग वेल्डेड रेल म्हणतात. सलग किलोमीटरभर किंवा त्याहून लांब, काही ठिकाणी तर एका स्टेशनपासून पुढच्या स्टेशनपर्यंत.

आता हिशोब बघा. १ किलोमीटर रूळ मोकळा ठेवला आणि तो ३० अंशांनी तापला तर जवळपास ३५ सेंटीमीटर वाढेल. पण तो मोकळा नाहीये, प्रत्येक स्लीपरला (रुळाखालचा सिमेंटचा आडवा ओंडका) क्लिपने आवळलेला आहे आणि स्लीपर खडीत रुतलेले आहेत. त्यामुळे टोकाकडची साधारण शंभरेक मीटर लांबी सोडली (तिथे रूळ थोडा पुढेमागे होतो आणि ती हालचाल एसईजे नावाच्या जोडात सामावते), तर मधला सगळा भाग हलतच नाही. लांबी वाढली नाही की आत दाब साठतो. ६० किलोच्या रुळात, म्हणजे मीटरला ६० किलो वजनाचा जो रूळ आपल्याकडे मेन लाईनला असतो त्यात, एका अंशाला साधारण १.९ टन. ३० अंश वर गेलं की एका रुळात ५७ टन, दोन्ही मिळून ११४ टन दाब. गाडी नसताना. नुसत्या उन्हाने.

तो दाब बाहेर पडायला जागा शोधत असतो. वर उचलायला रुळाचं आणि स्लीपरचं वजन आहे, खाली जमीन आहे, राहिली बाजू. बाजूला धरून ठेवणारी गोष्ट एकच, खडी. जिथे खडी कमी, क्लिप सैल किंवा लाईन आधीच किंचित वाकडी, तिथे क्षणात रूळ स्लीपरसकट सरकतो आणि सापासारखा नागमोडी होतो, यालाच बक्लिंग म्हणतात, आणि ते होतं बरेचदा गाडी जवळ आल्यावर किंवा गाडीखालीच, कारण चाकांच्या पुढे-मागे रूळ किंचित उचलला जातो आणि तेवढ्या वेळापुरती खडीची पकड ढिली पडते.

कळव्याहून एक वाचक: मोबाईलवर तापमान ३७ दाखवतं. एवढं तर दरवर्षीच असतं. रेल्वेवाले ६० अंश वगैरे बोलतात ते कुठून आणतात? आणि मोजतात कसं?

मोबाईल दाखवतो ते सावलीतल्या हवेचं तापमान. रूळ उन्हात उघडा पडलेला असतो, खाली दगड तापलेले, आणि रुळाचा कडेचा भाग गंजून तपकिरी झालेला असल्याने ऊन चांगलंच शोषतो. हवेपेक्षा रूळ १५ ते २० अंश जास्त तापणं ही मे महिन्यातली रोजची गोष्ट आहे. वारा पडला, आकाश स्वच्छ असलं तर आणखी. उलट ढग आले की हवा तेवढीच राहते आणि रूळ भराभर उतरतो. म्हणून हवेवरून रुळाचा अंदाज बांधायचा नाही, रूळच मोजायचा.

मोजायची साधनं साधी आहेत. एक असतं डायलवालं थर्मामीटर, मागे मॅग्नेट असतं, रुळाच्या उभ्या पोटाला चिकटवायचं. पण कुठल्या बाजूला? सावलीच्या बाजूला. उन्हाच्या बाजूला लावलं तर ऊन थेट थर्मामीटरवर पडतं आणि तो स्वतःचंच तापमान सांगत बसतो. आणि लावल्या लावल्या वाचायचं नाही, काटा स्थिर व्हायला ८ मिनिटं तरी लागतात. दुसरा प्रकार म्हणजे लाईनवर आहे तशाच मापाच्या रुळाचा एक तुकडा घेऊन त्याच्या डोक्यात भोक पाडून आत थर्मामीटर बसवतात, तो तुकडा लाईनजवळ, लाईनला जेवढं ऊन लागतं तेवढंच लागेल असा ठेवतात. त्याला स्थिर व्हायला अर्धा तास लागतो, पण तो रुळाच्या आतलं तापमान सांगतो. हल्ली हातातली इन्फ्रारेड गन आली आहे, घाईत बरी पडते, पण तिचा एक दोष लक्षात ठेवावा लागतो की रुळाचा वरचा चकचकीत भाग आरशासारखा असल्याने तिथे रीडिंग हमखास कमी येतं, गन धरायची असेल तर गंजलेल्या पोटावर धरा.

आणि जागा. ठाण्याच्या पुढे पारसिकचा बोगदा आहे, त्याच्या तोंडाबाहेर रूळ रणरणत्या उन्हात आणि आत थोडं गेलं की गारवा. प्लॅटफॉर्मच्या छपराखाली वेगळं, उड्डाणपुलाच्या सावलीत वेगळं, मोकळ्या भरावावर वेगळं. ऑफिसच्या मागच्या सावलीत ठेवलेल्या तुकड्यावरून अख्ख्या सेक्शनचा निर्णय घेणं मला कधीच पटलं नाही. जिथे सगळ्यात जास्त तापतं तिथे मोजा.

वाशीहून सिव्हिल इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी: सर, आम्हाला शिकवताना टीडी म्हणजे डिस्ट्रेसिंग टेम्परेचरवर खूप भर दिला. पण रूळ टाकताना टीडी काय होतं ते रजिस्टरमध्ये लिहिलेलंच असतं ना, मग फील्डवर जाऊन परत मोजायची गरज काय?

या प्रश्नासाठी तुझे मनापासून आभार, कारण बक्लिंग टाळायचं म्हणजे काय याचं उत्तर जवळजवळ सगळं या एका मुद्द्यात आहे. इतर वाचकांसाठी आधी टीडी काय ते सांगतो. ज्या तापमानाला रुळात ना ताण ना दाब, रूळ अगदी आरामात आहे, ते त्याचं टीडी. रूळ टाकताना क्लिपा सोडून, रुळाला रोलरवर मोकळं करून, हवं ते तापमान असताना किंवा तेवढं नसेल तर रेल टेन्सरने ओढून लांबी बरोबर करून मग क्लिपा आवळतात, ते डिस्ट्रेसिंग. त्या भागात रूळ वर्षभरात जास्तीत जास्त किती तापतो आणि कमीत कमी किती उतरतो याची सरासरी काढायची, आणि मेन लाईनच्या जड रुळांना टीडी त्या सरासरीच्या थोडं वर ठेवायचं, साधारण ५ ते १० अंश. म्हणजे उन्हाळ्यात दाब कमी येतो आणि थंडीत थोडा ताण जास्त येतो, तो परवडतो.

आता धरून चाल की रजिस्टरमध्ये टीडी ४७ लिहिलंय. नियम असा की रूळ टीडीच्या २० अंश वर गेला की उन्हाळी गस्त सुरू करायची. म्हणजे ६७ ला. आपल्याकडे ६७ फारसं होत नाही, त्यामुळे सगळे निवांत. पण प्रत्यक्षात त्या तुकड्याचं टीडी उतरून ३५ झालेलं असेल तर? मग धोक्याची रेघ ५५ ला आली, आणि ५५ तर एप्रिलच्या कुठल्याही दुपारी होतं. थर्मामीटर बरोबर, माणूस हुशार, नियम पाळला, आणि तरीही आपण १२ अंशांनी आंधळे. १२ अंश म्हणजे दोन रुळांत मिळून ४५ टन दाब, ज्याची कुणाला खबरच नाही.

टीडी उतरतं कसं? मला सगळ्यात जास्त काळजी वाटायची ती थंडीतल्या दुरुस्तीची. जानेवारीच्या पहाटे एखादं वेल्ड तुटतं, रूळ ताणात असतो त्यामुळे तिथे फट पडते, समज ३० मिलिमीटर. गाड्या थांबलेल्या, प्रवासी ताटकळलेले, सगळ्यांची घाई. तिथे रूळ ओढून फट मिटवायच्या ऐवजी जर मध्ये तुकडा घालून वेल्ड करून टाकला तर ३० मिलिमीटर जादा लोखंड लाईनमध्ये गेलं. गाडी सुरू झाली, सगळे खूश, पण ते जादा लोखंड मे महिन्यात हिशोब मागतं. म्हणून तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना लांबवर रुळावर रंगाने खूण करून मधलं अंतर टेपने मोजायचं आणि कायमची दुरुस्ती करताना टेन्सर लावून जेवढं काढलं तेवढंच आत जाईल असं बघायचं. हे दोन आकडे लिहून ठेवले नसतील तर नंतर कुणीही कितीही हुशार असो, त्याला काही कळणार नाही.

बाकी कारणं पण आहेत. लोकल स्टेशनात शिरताना ब्रेक मारते, दिवसभर एकाच दिशेने, त्यामुळे क्लिपांची पकड कमी झाली असेल तर रूळ हळूहळू पुढे सरकतो आणि पुढे जिथे पॉइंट (गाडी एका लाईनवरून दुसरीवर वळते ती जागा) किंवा पूल त्याला अडवतो तिथे गोळा होतो. मागे ताण, पुढे दाब. वळणावर थंडीत रूळ ताणाने आतल्या बाजूला सरकतो, किंवा मशीनने लाईन सरळ करताना आत ढकलली जाते, म्हणजे वळण छोटं झालं, लोखंड तेवढंच राहिलं, टीडी उतरलं. आणि आपल्याकडे ठाणे खाडी, वाशीची खाडी, खारी हवा. क्लिप आणि लायनर (क्लिप आणि रूळ यांच्यामधली छोटी पट्टी) गंजून रुळाच्या पायाला चिकटून बसतात किंवा खाल्ले जातात, दिसायला जागेवर असतात पण पकड गेलेली असते.

मग मोजायचं कसं ते बघू. सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे खुणा. लाईनच्या बाजूला न हलणारे खांब रोवलेले असतात, रुळावर त्याच्या समोर खूण, दोऱ्याने किंवा पट्टीने बघायचं की खूण किती सरकली. मधला भाग हलायलाच नको, तो २० मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला असेल तर काहीतरी बिनसलंय. तसंच टोकाला एसईजेची फट मोजायची आणि त्या क्षणीचं रुळाचं तापमान सोबत लिहायचं. तापमानाशिवाय लिहिलेली फट ही निरुपयोगी, हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगायचो. त्या तापमानाला फट किती असायला हवी त्याचा तक्ता असतो, त्याच्याशी ताडून बघायचं.

खुणा सांगतात की बदललंय, टीडी किती ते सांगत नाहीत. त्यासाठी सरळ पद्धत म्हणजे कापून बघणं. रात्रीच्या ब्लॉकमध्ये रूळ २८ अंशाला आहे, १०० मीटरच्या क्लिपा सोडल्या, रोलरवर घेतला, मधोमध कापला आणि फट पडली १४ मिलिमीटर (कापताना गेलेली जाडी आणि टोकाच्या खुणा सरकल्या असतील तर ते वजा करून). १०० मीटर रूळ एका अंशाला १.१५ मिलिमीटर वाढतो, म्हणजे १४ मिलिमीटर हे १२ अंशांचं झालं, २८ मध्ये १२ मिळवले की टीडी ४०. वहीवर करून बघ, इतकं सोपं आहे. फक्त कापलेला रूळ परत जोडावा लागतो, वेल्ड टेस्ट करावी लागते, म्हणजे हे सगळीकडे करणं शक्य नाही.

न कापता करायची एक चांगली पद्धत आहे, रूळ उचलून बघणं. ३० मीटरच्या आसपास क्लिपा सोडायच्या, मधोमध जॅकने ठरावीक जोर लावून रूळ उचलायचा आणि किती उचलला गेला ते मोजायचं. ताणलेली दोरी मधोमध उचलायला जास्त जोर लागतो तसंच, रुळात ताण जास्त असेल तर तो कमी उचलला जातो, त्यावरून टीडी काढता येतं. पण हे रूळ ताणात असतानाच चालतं, म्हणजे त्याचं तापमान टीडीच्या खाली असताना. दाबात असलेला रूळ क्लिपा सोडून उचलायला गेलात तर आपणच बक्लिंगला आमंत्रण दिलं. त्यामुळे ही तपासणी रात्री किंवा पहाटे, आणि शक्यतो थंडीत. स्ट्रेन गेज (रूळ किती ताणला-दाबला गेला ते दाखवणारी बारीक पट्टी) चिकटवून किंवा अल्ट्रासाउंडने मोजायच्या पद्धती पण आहेत, स्ट्रेन गेज फरक छान दाखवतो पण सुरुवातीचा शून्य कुठला हे माहीत असावं लागतं, म्हणून तो डिस्ट्रेसिंग करतानाच बसवला तर खरा उपयोगी.

तर रजिस्टरमधला आकडा हा त्या दिवशीचा आकडा आहे, आजचा नाही. प्रोजेक्ट करायचा असेल तर यावरच कर, परवानगी घेऊन.

दिव्याहून एक ताई लिहितात: माझे मिस्टर ट्रॅकवर आहेत. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी गस्तीवर जातात, संध्याकाळी आले की तोंड लाल झालेलं असतं. ते सांगतात बक्लिंग बघायला जातो. पण डोळ्यांनी काय दिसणार? एवढी मशीन आहेत तर माणसाला उन्हात का पाठवतात?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मशीन आहेत, लाईनची भूमिती मोजणारी गाडी ठरावीक दिवसांनी येऊन जाते आणि ती फार चांगलं काम करते, पण ती रोज दुपारी दोन वाजता प्रत्येक जागी नसते. बक्लिंग होण्याआधी लाईन इशारा देते आणि तो इशारा त्याच वेळी, त्याच उन्हात दिसतो. सकाळी गेलं तर सगळं सरळ.

ते काय बघतात सांगतो. उकिडवं बसून, डोळा जवळजवळ रुळाच्या उंचीला आणून रुळाच्या आतल्या कडेवरून लांब बघायचं, कडेची रेघ कुठे किंचित लचकलेली दिसते का. उभं राहून ते दिसत नाही. मग स्लीपरच्या टोकाशी बघायचं, स्लीपर आणि खडी यांच्यामध्ये बोटभर पोकळी दिसली तर तो स्लीपर बाजूला सरकायला लागलाय, हा सगळ्यात खरा पुरावा. क्लिप बाहेर आलीय का, लायनर तुटलाय का. पूल, पॉइंट, फाटक यांच्या आधीची पन्नास-शंभर मीटर लांबी जास्त निरखून, कारण रूळ तिथेच गोळा होतो. दोन-चार दिवसांपूर्वी जिथे काम झालंय ती जागा तर दोनदा. आणि काही दिसलं तर लाल झेंडा घेऊन गाडीच्या दिशेने धावायचं, ६०० मीटरवर एक फटाका आणि १२०० मीटरवर तीन फटाके रुळावर लावायचे (चाकाखाली फुटले की ड्रायव्हरला धोका कळतो), स्टेशनला कळवायचं. उन्हात १२०० मीटर धावणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की उन्हाळी गस्तीत थर्मामीटर जितका गरजेचा तितकंच पाणी, डोक्याला रुमाल-टोपी आणि मध्ये बसायला सावली गरजेची, आणि एकट्याला पाठवू नये. चक्कर आलेल्या माणसाला लचक दिसत नाही. तुम्ही त्यांना मीठ-साखरेचं पाणी बाटलीत देत जा, नुसतं पाणी घाम जास्त गेल्यावर पुरत नाही, आणि लघवी गडद होतेय, डोकं दुखतंय, घाम यायचा थांबलाय असं काही झालं तर त्यांनी गस्त बदली मागायची, त्यात कमीपणा काही नाही. सुपरवायझर लोकांनी हे वाचलं तर बरं.

मुंब्र्याहून एक वाचक: आमच्याकडे लोक शॉर्टकट म्हणून रुळाच्या कडेने चालतात, कडेची खडी पार खाली घसरलीय. याचा बक्लिंगशी काही संबंध आहे का, की उगाच विचारतोय?

उगाच नाही, अगदी थेट संबंध आहे. वर लिहिलं तसं, रुळाला बाजूला जाण्यापासून अडवते ती खडी. तिचं काम तीन ठिकाणी चालतं, स्लीपरच्या खाली, दोन स्लीपरच्या मध्ये आणि स्लीपरच्या टोकाबाहेरचा जो खांदा असतो तिथे. हा खांदा सरळ लाईनवर ३५० मिलिमीटर आणि वळणावर बाहेरच्या बाजूला ५०० मिलिमीटरपर्यंत ठेवतात, टेप टाकून मोजता येतो. रोज शेकडो पाय त्यावरून गेले की दगड उताराने खाली जातात आणि स्लीपरचं टोक उघडं पडतं. सिमेंटचा एक स्लीपर अडीचशे किलोच्या वर असतो, पण नुसत्या वजनावर तो तग धरत नाही.

यात अजून एक गोष्ट आहे जिच्यावर फार कमी बोललं जातं. आपल्याकडे पावसाळापूर्व कामं म्हणजे गटारं उपसणं, खडी चाळणं, चिखल काढणं हे सगळं एप्रिल-मेमध्ये चालतं, कारण जूनमध्ये पाऊस येणार. म्हणजे जेव्हा रुळात सगळ्यात जास्त दाब असतो तेव्हाच आपण त्याला धरून ठेवणारी खडी मोकळी करतो. खडी चाळली किंवा मशीनने ठोकली की तिची बाजूची पकड बरीच उतरते आणि गाड्या जाऊन जाऊन हळूहळू परत बसते, किंवा स्टॅबिलायझर मशीन फिरवून ती लवकर बसवतात. म्हणून अशी कामं रुळाचं तापमान बघूनच हातात घ्यायची, टीडीच्या १० अंशांपेक्षा जास्त वर असेल तर हात लावायचा नाही, रात्री नाहीतर पहाटे करायचं, आणि खडी बसेपर्यंत गाडी हळू न्यायची. रविवारच्या मेगाब्लॉकला लोक शिव्या घालतात, मला त्यांचा त्रास कळतो, पण सकाळी अकरा ते दुपारी चारचा ब्लॉक उन्हाळ्यात खडीच्या कामासाठी मुळातच वाईट वेळ आहे, अशी कामं रात्रीच्या ब्लॉकमध्ये जावीत असं मी नोकरीत असतानाही सांगत होतो. आणि पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत जेवढी खडी भरून घेता येईल तेवढी घ्यावी.

आणि शॉर्टकट बंद करा हो. खडी नंतरची, आधी जीव. रूळ ओलांडणं, कडेने चालणं हा गुन्हा आहे आणि ठाणे-दिवा पट्ट्यात किती घरं त्यामुळे उघडी पडली ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

घोडबंदर रोडहून: इंग्लंडमध्ये रूळ पांढरे रंगवतात असं व्हिडिओत बघितलं. आपण का नाही करत? आणि खारघरहून: बेलापूर-पेंधर मेट्रोचे रूळ पण असे वाकडे होऊ शकतात का?

पांढऱ्या रंगाने रूळ ५ ते १० अंश कमी तापतो हे खरं आहे, तिकडे पॉइंटजवळ वगैरे निवडक जागी लावतात. पण तिकडची गोष्ट समजून घ्या, तिथे रुळाचं टीडी २७ अंशाला ठेवतात कारण त्यांची थंडी कडाक्याची, म्हणून १९ जुलै २०२२ ला तिथे हवा ४० च्या वर गेली तेव्हा त्यांची रेल्वे अर्धी ठप्प झाली. तेच ४० आपल्याकडे आलं तर आपण काम चालू ठेवतो, कारण आपला रूळ आधीच वरच्या तापमानाला बांधलेला असतो. आपल्याकडे निवडक जागी रंग लावायला माझी हरकत नाही, वळण, पुलाचं तोंड अशा जागी फायदा होईल, फक्त धुळीने आणि ब्रेकच्या भुकटीने तो काळा पडला की परत लावावा लागेल. रंग लावला म्हणून टीडी मोजणं मात्र सुटत नाही.

मेट्रोला पुलावर खडी नाही, रूळ काँक्रीटमध्ये बसवलेल्या फास्टनिंगला धरलेले आहेत, त्यामुळे बाजूला नागमोडी होण्याची भीती जवळपास नाही. तिथला प्रश्न वेगळा, पूल स्वतः तापून लांब होतो आणि रूळ वेगळ्या हिशोबाने वागतो, त्या दोघांची ओढाताण डिझाइनमध्येच धरावी लागते.

ठाण्याहून एक ज्येष्ठ नागरिक: सकाळी फिरायला जातो तेव्हा पादचारी पुलावरून लाईन दिसते. कधी काही वाकडं वाटलं तर कुणाला सांगायचं? उगाच घाबरवल्यासारखं नको व्हायला.

काका, सांगाच, चुकीचं निघालं तरी कुणी रागावत नाही. स्टेशन जवळ असेल तर सरळ स्टेशन मास्तरांना, नाहीतर १३९ ला फोन. पण फोनवर "कळव्याच्या पुढे" असं सांगून भागत नाही, माणूस शोधत बसतो. लाईनच्या बाजूला विजेच्या तारांचे जे खांब असतात ना, प्रत्येकावर नंबराची पाटी असते, वरचा आकडा किलोमीटरचा आणि खालचा त्या किलोमीटरमधला खांबाचा. पुलावरून जो खांब सगळ्यात जवळ दिसतो त्याचे दोन्ही आकडे सांगा, कुठल्या बाजूची लाईन, सीएसएमटीकडे जाणारी की कल्याणकडे, आणि किती वाजता बघितलं तेही सांगा. वेळ महत्त्वाची, कारण दुपारी दिसलेली लचक संध्याकाळी परत सरळ दिसू शकते, आणि मग बघायला आलेल्याला वाटतं काहीच नव्हतं. फोटो काढलात तर पुलावरूनच काढा, खाली उतरू नका.